जनमेजयाचा खापरपणतू

हस्तिनापूर नावाचं गाव आजही आहे. मीरतपासून चाळीसेक किलोमीटरवर, गंगेच्या जुन्या पात्राच्या काठी. जैन मंडळींना ते चांगलं ठाऊक असतं, कारण शांतिनाथ, कुंथुनाथ आणि अरनाथ हे तीन तीर्थंकर तिथे जन्मले अशी त्यांची श्रद्धा आहे. अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाचं पारणं उसाच्या रसाने सोडायला तिथे गर्दी होते. आपल्यासारख्यांच्या डोक्यात मात्र हस्तिनापूर म्हटलं की एकच चित्र उभं राहतं: गुळगुळीत खांब, झुंबरं, झुलणारे पडदे आणि उंच सिंहासनावर धृतराष्ट्र. १९८८ ते १९९० या काळात दर रविवारी सकाळी रस्ते ओस पाडून आपण ते चित्र मनात भरून घेतलंय. आमच्या घरी चातुर्मासात श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप वाचला जायचा. त्यातल्या हस्तिनापुराची शोभाही काही कमी नव्हती.

आता प्रश्न असा, की तिथे खरंच खोदलं तर काय सापडतं?

हा प्रश्न कोणी विचारला नाही असं नाही. १९५० ते १९५२ या काळात तिथे रीतसर उत्खनन झालं. करणारे होते ब्रज बासी लाल, म्हणजे बी. बी. लाल. तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. पुढे ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि २०२२ साली, शंभरी ओलांडून वारले. १९४४ साली तक्षशिलेला मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली ते तयार झाले होते. व्हीलर हा माणूस थरांच्या बाबतीत भयंकर काटेकोर. कुठली वस्तू सापडली यापेक्षा ती कुठल्या थरात सापडली हे त्याला महत्त्वाचं. नुसतं खापर हे खापरच, पण कुठल्या थराखाली आणि कुठल्या थरावर ते कळलं की त्याला वय येतं.

लाल यांनी आधी एक साधी गोष्ट केली. महाभारतात ज्यांची नावं येतात आणि आजही त्याच किंवा त्याच्या जवळपासच्या नावाने जी ओळखली जातात अशी गावं पायाखाली घातली. कुरुक्षेत्र, मथुरा, अहिच्छत्र, पानिपत, बागपत, तिलपत वगैरे. (पांडवांनी मागितलेली पाच गावं म्हणजे ही 'पत'वाली गावं, असं त्या भागात सांगतात. ग्रंथात मात्र नावं निराळी आहेत, वृकस्थल, वारणावत अशी, आणि पाचवं तर 'कुठलंही एक द्या' इतकंच आहे. पण लोकांना गावं आपल्या परिसरात लागतात, त्याला इलाज नाही!) या सगळ्या ठिकाणी खालच्या थरांत एकाच जातीची खापरं मिळत गेली. करड्या रंगाची, चाकावर घडवलेली, पातळ, छान भाजलेली आणि वर काळ्या रंगात रेघा, ठिपके, वर्तुळं काढलेली. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत त्यांना चित्रित करडी भांडी म्हणतात. आकार बघितले तर मुख्यतः दोन. एक पसरट थाळी आणि एक वाटी.

मला हे फार आवडलं. थाळी आणि वाटी! तीन हजार वर्षांपूर्वीचं ताट आणि आपलं ताट यांत ओळख पटायला काही अडचण नाही.

तर हस्तिनापूरच्या टेकाडात, त्याला तिथे उल्टा खेडा म्हणतात, या करड्या भांड्यांचा चांगला जाड थर लागला. लाल यांच्या हिशोबाने इसवीसनपूर्व ११०० ते ८०० या काळातला. आता त्या थरातलं हस्तिनापूर ऐका. घरं मातीची आणि कुडाची. कुड म्हणजे बोरू-वेत बांधून वर मातीचा गिलावा. तो गिलावा कुठेतरी जळला, त्यामुळे भाजून निघाला आणि त्यावर उमटलेले बोरूचे ठसे टिकले. भाजलेल्या विटांच्या इमारती नाहीत. तांब्याचे बाणांचे फाळ आहेत, काचेच्या बांगड्यांचे तुकडे आहेत, तांदूळ आहे, गुराढोरांची हाडं आहेत, घोड्याचीही आहेत. लोखंड अगदी वरच्या भागात, तेही मळीच्या रूपात. राजवाडा नाही. सभागृह नाही. तटबंदीसुद्धा नाही.

अठरा अक्षौहिणी सैन्याचा हिशोब कधी मांडून बघितलाय? एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. बेरीज २,१८,७००. गुणिले अठरा म्हणजे ३९,३६,६००. एवढ्यांना रोज दोन वेळ जेवायला घालायचं तर कुडाच्या घरांचं ते सगळं गंगेचं खोरं रिकामं करावं लागलं असतं. आकडे कवीचे आहेत, कोठारातल्या धान्याचे नाहीत, हे मान्य करण्यात मला काही अवघड वाटत नाही.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं तेही बघण्यासारखं आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ पासून बरीच वर्षं ते खोदलं. इसवीसनपूर्व १००० नंतर तिथले लोक आधीच्या चौकोनी घरांऐवजी गोल झोपड्यांतून राहू लागले होते आणि गेलेली लहान मुलं घराच्याच जमिनीखाली दोन रांजणांत पुरत होते. तेव्हा हस्तिनापूरच्या कुडाला हसायचं कारण नाही. त्या काळच्या मानाने ते लोक खाऊनपिऊन बरे असणार.

इथपर्यंत आलं की ऐकणाऱ्यांचे दोन गट पडतात. माझ्या नात्यातही पडतात. एक गट म्हणतो, बघा, राजवाडा नाही म्हणजे महाभारत सगळं थाप. दुसरा म्हणतो, खोदणाऱ्यांना खोदता येत नाही, आणखी खाली जा, सोनं लागेल. दोघांनाही जी गोष्ट हवी असते ती एकच: राजवाडा. मला वाटतं खरी गंमत राजवाड्यात नाहीच. ती आहे पुराणांतल्या एका कंटाळवाण्या वंशावळीत.

मत्स्य आणि वायु या पुराणांत कलियुगातल्या राजांच्या याद्या आहेत. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा ढमका. पार्गिटर नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने निरनिराळ्या पोथ्या ताडून १९१३ साली त्यांचं पुस्तक केलं. त्यात आपली मंडळी अशी येतात: अभिमन्यूचा परीक्षित, त्याचा जनमेजय (सर्पसत्रवाला), त्याचा शतानीक, त्याचा अश्वमेधदत्त, त्याचा अधिसीमकृष्ण आणि त्याचा निचक्षु. पोथीगणिक हे नाव बदलतं, कुठे विवक्षु होतो, भागवतात नेमिचक्र. नात्याने हा जनमेजयाचा खापरपणतू. आपल्या मराठीत हा शब्द आहे आणि या माणसाला तो जेवढा शोभतो तेवढा कुणालाच शोभणार नाही, ते पुढे कळेलच.

बाकीच्या राजांना यादीत नावापुरतीच जागा आहे. निचक्षूबद्दल मात्र एक जादा वाक्य आहे. त्याचा आशय एवढाच, की गंगा हस्तिनापूर वाहून नेईल तेव्हा हा राजा ते नगर सोडून कौशांबीला जाऊन राहील. 'नेईल', 'राहील' असं भविष्यकाळात, कारण पुराणाचा सांगणारा अधिसीमकृष्णाच्या राज्यात बसून सांगतोय अशी योजना आहे. त्याच्या दृष्टीने निचक्षु अजून गादीवर यायचाय. घडून गेलेली गोष्ट भविष्य म्हणून सांगायची ही पुराणांची जुनी खोड. ज्योतिषासाठी फार सोयीची.

लाल यांच्या चरांत करड्या भांड्यांचा थर जिथे संपतो, तिथे टेकाडाच्या उतारावर पुराने जमीन कापून नेल्याची खूण आहे आणि नदीने आणून टाकलेला गाळ आहे. नदीच्या जुन्या पात्रातही त्यांनी भोकं पाडून पाहिलं. तिथे खोलवर मातीच्या ढेकळांत वस्तीतली खापरं घट्ट बसलेली मिळाली. म्हणजे गावाचा एक भाग नदीने खरोखर खाल्ला होता. त्यानंतर काही काळ टेकाडावर कोणी राहिलेलं दिसत नाही. पुन्हा वस्ती होते ती इसवीसनपूर्व सहाव्या शतकाच्या सुमाराला. तेव्हा भांडी वेगळी, चकचकीत काळी. विटा आल्या, नाणी आली. ते लोक वेगळ्या जगातले.

लाल यांनी हा अहवाल खात्याच्या 'एन्शंट इंडिया' या नियतकालिकात छापला आणि गाळाची नि निचक्षूची गाठ घातली. त्यावर पुढे बरीच वादावादी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. नदीकाठच्या गावाला पूर येणं ही काय दुर्मिळ घटना आहे? पंचगंगा आणि कृष्णा आपल्याला दर काही वर्षांनी हे शिकवतात. गाळावर राजाचं नाव लिहिलेलं नसतं. शिवाय हातात पोथी घेऊन खणायला गेलं की पोथीतलंच दिसायला लागतं, हा आक्षेपही खोटा नाही. करडी भांडी आज हजाराहून जास्त ठिकाणी मिळाली आहेत. ती सगळी काही पांडवांनी वापरली नाहीत. भांड्याला जात, भाषा, कुळ नसतं.

हे सगळं मान्य करूनही मला लाल यांची गाठ पटते. कारण ते वाक्य कोणी बनवायला गेलेलं नाही. बनवून सांगायचं तर माणूस दिग्विजय सांगतो, यज्ञ सांगतो, स्वर्गातून विमान आल्याचं सांगतो. आपल्या थोर राजघराण्याला पुरामुळे गाठोडी बांधून गाव सोडावं लागलं, ही लाज कोण कशाला रचेल? त्यात ना धर्म, ना तात्पर्य. एखाद्या जुन्या घराण्याच्या कुळवृत्तांतात मध्येच येतं ना, 'प्लेगच्या साथीत गाव सोडून अमुक ठिकाणी आले', तसं ते वाक्य आहे. आणि अशा वाक्यांवर माझा फार विश्वास आहे.

कुरूंचे दिवस फिरल्याच्या आणखी दोन खुणा वेदवाङ्मयात पडलेल्या आहेत, त्याही अशाच सहज. छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायण नावाचा विद्वान येतो. कुरुदेशावर 'मटची' पडलेली आहे. कोणी याचा अर्थ गारा घेतात, कोणी टोळधाड. उपाशी उषस्ति एका माणसाकडे तो खात असलेले कुल्माष, म्हणजे हलकं कडधान्य, मागतो आणि उष्टे असूनही खातो. त्याने पाणी देऊ केलं तर मात्र नको म्हणतो. ते खाल्लं नसतं तर जगलो नसतो, पाणी मला दुसरीकडे मिळेल, असं त्याचं कारण. आणि बृहदारण्यकात भुज्यु नावाचा माणूस याज्ञवल्क्याला कोड्यात टाकायला विचारतो, की पारिक्षित गेले कुठे? पारिक्षित म्हणजे परीक्षिताचे वंशज, आपल्या निचक्षूचीच घरची माणसं. ते कुठे गेले हा प्रश्न भर सभेत कोडं म्हणून घालण्याइतका तेव्हा जुना झाला होता. याज्ञवल्क्य उत्तर देतो ते अध्यात्मातलं. जिथे अश्वमेध करणारे जातात तिथे गेले. पुराणाचं उत्तर सरळ आहे: कौशांबीला गेले.

कौशांबी अलाहाबादजवळ, म्हणजे आताच्या प्रयागराजजवळ, यमुनेच्या काठी. तिथे अलाहाबाद विद्यापीठाच्या गो. रा. शर्मा यांनी १९४९ पासून खोदकाम केलं आणि बुद्धाच्या काळातला घोषिताराम विहार सापडला. बुद्धाच्या वेळी कौशांबीचा राजा होता उदयन. वीणा वाजवून हत्ती भुलवणारा, वासवदत्तेला पळवून नेणारा, भासाच्या नाटकातला तोच. पुराणांच्या यादीत उदयन हा निचक्षूच्याच वंशातला. लाल यांनी इथून उलटं मोजलं. परीक्षितापासून उदयनापर्यंत चोवीस राजे, एकाला सरासरी चौदा वर्षं, म्हणजे युद्ध इसवीसनपूर्व नवव्या शतकात कुठेतरी.

या तारखेने पुष्कळ लोक दुखावतात. परंपरेने कलियुगाचा आरंभ इसवीसनपूर्व ३१०२. दुसऱ्या पुलकेशीचा ऐहोळेचा शिलालेख, म्हणजे ज्यात तीन महाराष्ट्रक आणि त्यांची ९९ हजार गावं येतात तोच, इसवीसन ६३४ मधला. त्यात रविकीर्ती कवीने भारतयुद्धाला ३,७३५ वर्षं झाल्याचं कोरून ठेवलंय. वजाबाकी केली की तेच साल येतं. पुण्याचे डॉ. प. वि. वर्तक तर ग्रहगोलांवरून इसवीसनपूर्व ५५६१ पर्यंत मागे गेले. मला या शर्यतीचं कोडं उलगडत नाही. दोन हजार वर्षं मागे नेलं की कर्ण जास्त कर्ण होतो का? बरं, मागे नेण्यात एक अडचणही आहे. इसवीसनपूर्व ३१०२ च्या हस्तिनापूरचा एकही थर या टेकाडात लागलेला नाही. सर्वांत खालच्या थरात गेरूच्या रंगाची झिजकी खापरं आहेत, पण तीही एवढी जुनी नाहीत. २०१८ साली बागपत जिल्ह्यात सिनौलीला तांब्याने मढवलेल्या चाकांच्या गाड्या दफनात मिळाल्या, त्यांचा काळ इसवीसनपूर्व २००० च्या आसपास सांगतात. त्या घोड्याच्या रथाच्या की बैलाच्या गाड्या, यावर अजून वाद आहे. 'महाभारताचे रथ सापडले' असे संदेश मात्र तेव्हा मला तीन चुलतभावांकडून आले.

मग राजवाडे आले कुठून? याचं उत्तर शोधायला दिल्ली-मीरतला जायला नको. पुण्यात भांडारकर संस्थेत जावं. जमिनीत जसे थर असतात तसे ग्रंथातही असतात, आणि महाभारताच्या ग्रंथाचं उत्खनन तिथे झालं. १९१९ साली सुरू झालेलं काम १९६६ ला संपलं. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत १,२५९ हस्तलिखितं ताडून, कुठला श्लोक सगळीकडे आहे आणि कुठला एका कोपऱ्यातच आहे ते बघत. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी ही पद्धत घालून दिली. १९४३ साली ते गेले, काम निम्मंही झालेलं नव्हतं. पुढे बेलवलकर, मग प. ल. वैद्य यांनी ते पुरं केलं. या चाळणीतून गणपती लेखनिक झाल्याची गोष्ट खाली पडली, ती परिशिष्टात गेली. वस्त्रहरणात द्रौपदी कृष्णाचा धावा करते तोही मुख्य संहितेतून तळटिपेत गेला. वस्त्रामागून वस्त्र निघत राहतं हे आहे, पण कृष्णाने पुरवलं असं मूळ संहितेत नाही.

आमच्या आजीला हे सांगण्याची माझी छाती झाली नसती. तिच्यासाठी ती चिंधी, ते कापलेलं बोट, ते सगळं खरं होतं. पण मला असं वाटतं, की त्या तळटिपेतली प्रत्येक ओळ कोणीतरी घातली तेव्हा मनापासून घातली. कुणाला तरी त्या सभेत द्रौपदीला एकटी सोडवलं नाही. कुडाच्या घरांवर मयसभा चढली तीही अशीच असणार, पाटलीपुत्राचे, उज्जैनचे वाडे पाहिलेल्या सूतांनी आपल्या जुन्या राजांना शोभेसं घर बांधून दिलं. सर्वांत तळाशी, चाळणीत टिकलेलं, भांडण आहे भाऊबंदकीचं. गावाच्या वाटणीचं. त्याला राजवाडा लागत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही घराला विचारा! इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये ही माणसं माणसांच्या मापाची करून दाखवली तेव्हा अनेकांना ती खुजी वाटली होती. मला कुडाचा गिलावा वाचल्यावर ती त्याच घरात राहात असतील असं वाटलं.

२०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्या पाच पुरातन स्थळांचा विकास करायचं जाहीर झालं त्यांत राखीगढी, धोलावीरा यांच्या जोडीला हस्तिनापूर आहे. त्यानंतर पुरातत्त्व खात्याने तिथे पुन्हा खोदायला सुरुवात केली. लाल यांचे चर त्या मोठ्या टेकाडाच्या मानाने बोटभर होते, त्यामुळे नवीन काही लागणं अगदी शक्य आहे. मी वाट बघतोय ती सोन्याची नाही. गाळाचा तो थर टेकाडाच्या दुसऱ्या बाजूलाही मिळतो का, आणि त्याखाली घरातलं सामान कसं पडलंय, हे मला कळायला हवंय. घाईने सोडलेलं, की आवरून नेलेलं. पूर रात्रीत आला असेल तर थाळ्या-वाट्या जागच्या जागी सापडतील. निचक्षूला पाणी चढताना दिसलं असेल आणि बैलगाड्या भरायला वेळ मिळाला असेल, तर मागे राहिली असतील फक्त फुटकी.